बोटीत नुसती बसणारी बाई

ओकव्हिलच्या मराठी मंडळात पुष्कर दाबकेला सगळे 'बासवाला पुष्कर' म्हणतात. कोथरूडला असताना ज्याने मासा फक्त डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या काचेच्या पेटीत पाहिला, तो माणूस कॅनडात येऊन रात्री-अपरात्री तळ्यांवर बोट नेतो आणि हातभर लांबीचे बास मासे काढतो, याचं मंडळाला कोण कौतुक. एका गणपतीत त्याचं 'निसर्ग आणि मी' या विषयावर स्लाइड्ससकट भाषणही झालं. टाळ्या भरपूर पडल्या. त्याची बायको उल्का तेव्हा मागच्या किचनमध्ये दोनशे माणसांच्या मसालेभाताची काळजी वाहत होती. कुणीतरी तिला विचारलं, "तुला कंटाळा नाही येत गं, रात्रभर बोटीत नुसतं बसून?" ती म्हणाली, "येतो की कधीकधी."

आता खरं काय ते सांगून टाकतो. दाबक्यांच्या बोटीत नुसता जो बसतो तो पुष्कर. मासे धरते ती उल्का. गेली सहा वर्षं, एकूण एक मासा तिने धरला आहे. पुष्कर बोट चालवतो, कॉफीचा थर्मास उघडतो, आणि मासा वर आला की तो हातात घेऊन फोटो काढून घेतो. एवढं मात्र तो अगदी मन लावून करतो.

उल्का ही उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या एका भोई वस्तीत वाढली. बापाचं नाव जनार्दन. एक पत्र्याची होडी, चार जाळी आणि एक लांब बांबू एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. पोटासाठी तो चिलापी आणि कटल्याची जाळी टाकायचा, पण जीव त्याचा मरळीवर. मरळ जाळ्याला सहजी दाद देत नाही. ती रात्री काठाच्या गवतात बेडकाची वाट पाहत बसते. जनार्दन गळाला बेडूक लावून तो पाण्यावरून हळूहळू ओढत आणायचा आणि होडीत उल्काला पुढे बसवायचा, कारण पोरीचे कान तिखट होते. मरळ बेडकावर पडते तेव्हा 'डुबुक' असा आवाज येतो. नवखा माणूस त्या आवाजालाच दोरी ओढतो आणि मासा घालवून बसतो. हाताला वजन लागेपर्यंत थांबायचं आणि मग एकच झटका द्यायचा. हे थांबणं उल्काला सातव्या वर्षी जमायला लागलं, आणि त्या दिवशी जनार्दनने वस्तीभर ते सांगितलं. कॅनडातला बास तरी काय वेगळा? तोही उन्हाळ्याच्या रात्री उथळ पाण्यात येतो, तोही बेडकावर टपून असतो. बेडकाच्या जागी इथे काळ्या रंगाचा, आकडे लावलेला लाकडी ठोकळा असतो, पाण्यावर गुळगुळ आवाज करत येणारा. बाकी सगळं उल्काला पाठच होतं.

पोरगी हुशार. इंदापूरला बारावी झाली, पुण्याच्या सरकारी कॉलेजात इंजिनियर झाली, आणि तिथे एक वर्ष पुढे असलेल्या पुष्करच्या प्रेमात पडली. पुष्करची आई देवयानीबाई तीन महिने मुलाशी बोलल्या नाहीत. मग बोलल्या तेव्हा एकच अट घातली. लग्नात मुलीचे वडील पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत असं सांगायचं. जनार्दनला सफारी शिवला आणि कुणी काही विचारलं तर नुसतं हसायचं असं बजावलं. तो दिवसभर हसत उभा होता. गावी गेल्यावर त्याने भावाला सांगितलं म्हणे, की इतकी वर्षं वल्हं मारूनसुद्धा कधी काही दुखलं नाही, पण कार्यालयात उभं राहून गाल दुखले. उल्काने हे सगळं होऊ दिलं. तिचा कळवळा येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

मासे पुष्करच्या नावावर कसे लागले, त्याची सुरुवातही तिनेच केली. सहा वर्षांपूर्वी देवयानीबाई सहा महिने राहायला आल्या होत्या. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला या मंडळींनी तळ्याकाठी एक कॉटेज घेतलं. पुष्करने हौसेने दुकानातून काठी-दोरीसकट एक गळ आणला होता आणि दोन दिवस धक्क्यावर उभा राहून तो झाडाझुडपांत अडकवत होता. सोमवारी संध्याकाळी अंधार पडता पडता उल्का खाली गेली आणि म्हणाली, "दे इकडे, बघू जरा." हातात गळ धरून तिला सोळा वर्षं झाली होती. तिसऱ्या फेकीला डुबुक झालं, ती थांबली, वजन लागलं, आणि तीन पौंडांचा बास धक्क्यावर उड्या मारायला लागला. उल्का लहान पोरीसारखी हसली. तेवढ्यात वरून देवयानीबाई टॉर्च घेऊन पायऱ्या उतरताना दिसल्या.

तो सोमवार श्रावणातला होता. घरात सकाळी शंकराची पूजा झालेली, सासूचा उपास, आणि सुनेच्या हातात जिवंत मासा. एरवी पुष्करला 'तू' म्हणणारी उल्का सासूदेखत 'अहो'वर यायची. तिने गळ आणि मासा दोन्ही त्याच्या हातात कोंबले आणि म्हणाली, "अहो, धरा ना. आई येताहेत." देवयानीबाईंनी टॉर्चच्या उजेडात मासा पाहिला आणि म्हणाल्या, "अगबाई, पुष्करने धरला?" आवाजात राग नावालाही नव्हता. सुनेने धरला असता तर श्रावण बाटला असता आणि वर जात निघाली असती. मुलाने धरला तर ती कॅनडातली मजा. फोटो घरच्या ग्रुपवर गेला, आत्यांनी मामांनी अंगठ्यांचे इमोजी टाकले, आणि पुष्कर त्या अंगठ्यांकडे रात्री बाराला पांघरुणात बघत हसत होता. "सॉरी हं," तो उल्काला म्हणाला. "आईसमोर कसं सांगणार होतो?" उल्काला तेव्हा गंमतच वाटली.

गंमत सहा वर्षं टिकली. पुढच्या उन्हाळ्यात पुष्करने जुनी बोट घेतली. मित्रांना तो सांगायचा, मोठा बास उन्हाळ्यात रात्रीच काठाला येतो, म्हणून मी रात्री जातो. यात खोटं काही नाही, मासा खरंच रात्री येतो. पण दिवसा शेजारच्या बोटीतल्याला गळ कुणाच्या हातात आहे ते दिसतं, आणि रात्री दिसत नाही, हेही तितकंच खरं. पीटरबरोच्या पलीकडच्या टॅमरॅक लेकवर एका क्लबच्या रात्रीच्या स्पर्धा होतात, बोटीत दोघांची टीम, रात्री नऊपासून तीनपर्यंत. दाबक्यांनी नाव घातलं. मरिनावर, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, आमिषं विकणाऱ्या दुकानात एक लाकडी फळी आहे. वर्षातला सगळ्यात मोठा बास ज्याने धरला त्याचं नाव तिच्यावर कोरतात. लागोपाठ दोन वर्षं तिथे 'पुष्कर डी.' आहे.

पुष्कर वाईट माणूस आहे असं कुणी म्हणणार नाही. तो बायकोवर हात उगारत नाही, स्नो शोव्हल करतो, तिच्या वाढदिवसाला केक आणतो. फक्त पहिल्या वर्षी तो घरी आल्यावर "काय मासा पकडलास गं आज" म्हणायचा, दुसऱ्या वर्षी "काय मासा पकडला आपण" म्हणू लागला, आणि चौथ्या वर्षी उल्कालाच सांगायला लागला की त्या दगडापाशी मी तो पाच पौंडांचा कसा धरला. तो मनापासून सांगत होता.

एकदा त्याने फोटो सासऱ्यालाही पाठवला. रविवारी उल्काने फोन केला तेव्हा जनार्दन म्हणाला, "मासा झकास हाय. कुणी धरला?"

"जावयांनी."

"जावईबापूंनी तो अंगापासून किती लांब धरलाय, बघितलंस का? मासा काढणारा असा धरत नसतो, पोरी."

"अण्णा, लाइनला आवाज येतोय," उल्का म्हणाली.

"बरं. सुखात हाईस ना?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली, आणि त्यानंतर जनार्दनने माशांबद्दल कधी काही विचारलं नाही.

इतकं सगळं उल्काने पचवलं. तिला नाव नको होतं, फळी नको होती, मंडळातल्या टाळ्या तर नकोच होत्या. तिला लागली ती जाई. जाई तिची मुलगी, चौदा वर्षांची, नववीत. मे महिन्यात शाळेने पालकांना मुलांचे निबंध ऑनलाइन वाचायला दिले. जाईच्या निबंधाचा विषय होता 'माझा हिरो', आणि हिरो अर्थातच बासवाला पुष्कर. निबंध चांगला होता. मधे एक वाक्य होतं: माझ्या आईला माशांची भीती वाटते, पण बाबा एकटा पडू नये म्हणून ती बोटीत जाऊन बसते.

उल्काने ते वाक्य ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये वाचलं आणि डबा तसाच बंद केला. जनार्दन भोयाच्या नातीने लिहिलं होतं की तिच्या आईला माशांची भीती वाटते. घरी आल्यावर तिने जाईला जवळ बसवून सरळ सांगितलं, "हे बघ, ते मासे मी पकडते. बाबा नाही."

जाईने फोनवरून मान वर केली आणि ती गोड हसली. "शुअर, मॉम."

"खोटं वाटतं?"

"मॉम, यू डोन्ट ईव्हन टच द फिश ॲट कॉस्टको."

कॉस्टकोतल्या मेलेल्या, प्लास्टिकमधल्या माशाला उल्का हात लावत नसे हे खरं होतं. ज्याने ताजा मासा खाल्लाय तो लावणारही नाही. पण हे चौदा वर्षांच्या पोरीला कुठून समजावणार? तेव्हा तिने ठरवलं की सांगून उपयोग नाही, दाखवायचंच. एकदा, फक्त एकदा, जाईने डोळ्यांनी बघावं. पुढे जगाने काय म्हणायचं ते म्हणू दे.

ऑगस्टच्या स्पर्धेला क्लब मुलांना बोटीत बसू द्यायचा, गळ न टाकण्याच्या अटीवर. "जाईला नेऊ या," उल्का म्हणाली. पुष्कर गडबडला. मुलगी कंटाळेल, डास चावतील, झोपेचं खोबरं होईल, असं सगळं म्हणून झालं. उल्का म्हणाली, "ती नाही तर मीही नाही." या वाक्याचा अर्थ पुष्करला बरोबर कळला. जाईला त्याच्याबरोबर जायचंच होतं, ती आनंदाने तयार झाली आणि बाबासाठी सेल्फी स्टिक घेऊन आली.

रात्री नऊला शिट्टी झाली आणि वीसेक बोटी तांबडे-हिरवे दिवे लावून अंधारात पांगल्या. त्या रात्री चंद्र नव्हता. पाणी कोमट, वारा पडलेला, बासला हवं तसं सगळं. मुलगी बघतेय म्हटल्यावर पुष्करने गळ आपल्याच हातात घेतला. साहजिकच आहे. त्याने तो मोठ्या ऐटीत फेकला आणि तो थेट कमळाच्या पानांत जाऊन बसला. ओढून काढला, परत फेकला, दोरीचा गुंता झाला. एकदा मासा खरंच आला, डुबुक झालं, आणि पुष्करने जिवाच्या आकांताने ओढलं. काळा ठोकळा हवेतून सणसणत आला आणि त्याच्या टोपीत रुतला. जाई हसली. "नाइस वन, डॅड." पुष्करही हसला, पण साडेबारापर्यंत बोटीतल्या टाकीत एकही मासा नव्हता, आणि बाकीच्या बोटींकडून माणसांचे ओरडे ऐकू येत होते. दर ओरड्याला पुष्कर तिकडे मान वळवायचा.

एकच्या सुमाराला जाई पुढच्या बाकावर हूडी ओढून आडवी झाली. पुष्करने थोडं थांबून तिचा श्वास ऐकला. मग गळ उल्कापुढे केला आणि हळूच म्हणाला, "बघ ना जरा. प्लीज. चार तासांत काहीच नाही लागलं."

"मुलीला उठव आधी."

"कशाला? झोपू दे ना तिला."

"मग तूच धर," उल्का म्हणाली आणि हात मांडीखाली घेऊन बसली. पुष्कर पाण्याकडे बघत राहिला. लांब कुणीतरी पुन्हा ओरडलं. शेवटी तोच वाकून म्हणाला, "जाई, ऊठ बेटा, आईला बोलायचंय."

"जाई," उल्का म्हणाली, "उजेड करू नकोस. नुसतं ऐक." तिने बोट काठाच्या टोकावरच्या खडकापासून वीस हातांवर थांबवायला लावली. पहिल्या फेकीला काही झालं नाही. दुसऱ्या वेळी ठोकळा खडकाच्या कडेने गुळगुळ करत आला, थांबला, परत निघाला, आणि पाणी एवढ्या जोरात वाजलं की पुष्कर दचकून उठला. उल्का हलली नाही. जाईला वाटलं आई घाबरली. मग दोरी ताणली गेली, उल्काने कंबरेतून एकच झटका दिला, आणि गळ अर्धगोल वाकला.

पुढची चार मिनिटं त्या बोटीत फक्त उल्का होती. मासा बोटीखाली गेला, तिने गळाचं टोक पाण्यात बुडवून त्याला फिरवून आणला. तो पाण्याबाहेर उडला, तिने दोरी सैल दिली. जाई फोनचा टॉर्च लावल्याशिवाय राहू शकली नाही, आणि त्या उजेडात तिला दिसलं की तिची आई गुडघ्यांवर बसून, डाव्या हाताचा अंगठा माशाच्या जबड्यात घालून, त्याला पाण्यातून वर उचलते आहे. मासा तिच्या कोपरापर्यंत येत होता.

"मॉम," जाई म्हणाली. "ओह माय गॉड, मॉम."

उल्काने तो मासा पोटाशी धरला. तिचं टीशर्ट भिजलं, हात चिकट झाले, आणि तिचा आनंद मावेना. मुलीने पाहिलं होतं. तिने एवढंच मागितलं होतं आणि ते मिळालं होतं. तीनच्या आत तिने आणखी तीन काढले, आणि दर वेळी जाई टाकीचं झाकण उघडायला धावत होती. पुष्कर थर्मास घेऊन मागे बसला होता. "आपली टीम भारी आहे," तो दोनदा म्हणाला.

साडेतीनला मरिनावर वजनं सुरू झाली. तीसेक माणसं, जनरेटरचा दिवा, कॉफीचे कागदी कप. दाबक्यांचा मोठा मासा काट्यावर ठेवला तसा सगळीकडून "वॉव" आला. सहा पौंड चार औंस. त्या वर्षात टॅमरॅक लेकवर एवढा कुणाला लागला नव्हता. पुष्करने फॉर्म ओढून मासा धरणाऱ्याच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. त्याचा हात क्षणभरही अडखळला नाही.

क्लबचा कारभार ग्लेन नावाचा म्हातारा बघायचा, सत्तरी पार केलेला, कमी बोलणारा. त्याने फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, की मी रात्री त्या टोकावरच्या खडकाच्या पलीकडेच होतो. तुमच्या बोटीत उजेड पडला तेव्हा मला मासा बाईंच्या हातात दिसला. तसं असेल तर मला फार आनंद आहे, त्या फळीवर अजून एकाही बाईचं नाव नाही.

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. तो आपणहून दार उघडून उभा होता, पुष्करने फक्त बाजूला व्हायचं होतं. पुष्कर हसला आणि म्हणाला, "शी हेल्प्ड विथ द नेट, ग्लेन." आजूबाजूचे हसले. ग्लेन हसला नाही. क्लबचा नियम कडक होता. फॉर्मवर खोटं लिहिलं तर टीम कायमची बाद. पण त्याला कुणाला बाद करायचं नव्हतं, त्याला नुसतं नाव नीट लिहायचं होतं. त्याने जाईकडे वळून विचारलं, तू होतीस ना बोटीत? कुणी धरला?

उल्काच्या मनात आलं, आता. सहा वर्षं एका बाजूला आणि ही पोर एका बाजूला. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ही मुलगी खोटं बोलत नाही, लहानपणी चॉकलेट खाल्लं तरी येऊन सांगायची. जाईने ग्लेनकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं नाही.

"माय डॅड," ती म्हणाली. आणि आपलं आपण पुढे जोडलं, "मॉम वॉज होल्डिंग द नेट. शी वॉज काइंडा स्केअर्ड."

त्या बोटीत त्या रात्री मासा वर घ्यायचं जाळं नव्हतंच. ते मरिनावर गाडीत राहिलं होतं.

ग्लेनने शेवटचं उल्काकडे पाहिलं. आता तिने तोंड उघडायचं होतं. मी धरला, एवढे दोन शब्द. पण ते बोलली असती तर तीस माणसांसमोर तिची मुलगी खोटारडी ठरली असती, आणि मुलीला खोटारडी ठरवून मिळणारं नाव घेऊन ती करणार काय होती? "यस," उल्का म्हणाली. "पुष्कर कॉट इट." ग्लेनने चष्मा खाली घेतला, फॉर्मवर सही केली आणि साक्षीदाराच्या रकान्यात सही करायला पेन उल्काच्या हातात दिलं. तिने सही केली. तिच्या बोटांना अजून माशाचा वास येत होता.

परतताना गाडी उल्काने चालवली, कारण पुष्करने विजयाच्या दोन बिअर घेतल्या होत्या. हायवे ११५ लागायच्या आत तो घोरायला लागला. मागे जाई जागी होती. उल्का बराच वेळ आरशात तिचा चेहरा शोधत होती. मग म्हणाली, "जाई, तू पाहिलंस ना?"

"याह. आय सॉ."

"मग असं का बोललीस?"

जाई खिडकीतून बाहेर बघत होती. दोन एक्झिट गेले. मग ती बोलली, आणि तिच्या आवाजात वाईटपणा कणभर नव्हता, फोनचं सेटिंग समजावून सांगावं तशी ती बोलत होती. "मॉम, इफ आय सेड इट वॉज यू, दे वुड आस्क हाउ यू लर्न्ट. अँड यू वुड टेल देम."

"सांगितलं असतं. वडिलांनी शिकवलं म्हणून. त्यात काय आहे?"

"आजीने सांगितलंय मला. लास्ट समर, इन पुणे. अबाउट अण्णा, अँड युअर फॅमिली. शी सेड, डॅड केलं तर इट्स अ हॉबी. यू केलं तर इट्स... यू नो." पुढचा शब्द तिने उच्चारला नाही. तेवढी सभ्य ती होती. "आय डोन्ट केअर, ओके? आय रिअली डोन्ट. बट मंडळातले सगळे केअर करतात. आय जस्ट डोन्ट वाँट देम टॉकिंग अबाउट अस."

उल्काला आठवलं की मागच्या उन्हाळ्यात जाईला पुण्याला एकटीला पाठवायची घाई तिनेच केली होती, मुलीला आजीचा सहवास मिळावा, मराठी सुधारावं म्हणून. मराठी थोडं सुधारलंही होतं.

"मॉम, आर यू मॅड?"

"नाही."

"यू वेअर ॲक्चुअली अमेझिंग. लाइक, फॉर रिअल." जाई पुढे सरकली आणि तिने हनुवटी आईच्या सीटच्या पाठीवर टेकवली. लहानपणी ती अशीच टेकवायची. "विल यू टीच मी? त्यांची ज्युनिअर टीम पण असते. आय थिंक आय कुड बी गुड." मग आईची सोय बघत असल्यासारखं, तिने समजुतीने सांगितलं, "आय विल से, डॅडने शिकवलं."

बाहेर उजाडायला लागलं होतं. उल्काला वाटलं गाडी बाजूला लावावी, उतरावं आणि ओक्साबोक्शी रडावं. पण नाही म्हटलं असतं तर जनार्दनने हातात दिलेली विद्या तिच्यापाशीच संपली असती, आणि ते तिच्याच्याने झालं नसतं. शेजारी पुष्कर झोपेत तोंड उघडं टाकून शांत होता.

"शनिवारी ये बरोबर," ती म्हणाली. "शिकवते."

"यू आर द बेस्ट," जाई म्हणाली, मागे टेकून बसली आणि तिने कानात इअरफोन घातले.